वळवलेली क्षमा

(सांगली. जैनांच्या क्षमावाणीची दुपार. अर्धमागधीचे निवृत्त प्राध्यापक शांतिनाथ, त्यांची सून प्रीती, आणि फोन कंपनीत नोकरीला असलेला त्यांचा जुना विद्यार्थी जिनेश.)

शांतिनाथ : ...सकाळपासून एकही फोन नाही. आज शत्रूसुद्धा फोन करून क्षमा मागतो, जिनेश. तेव्हा एक तर गाव मला विसरलं, किंवा तुझी कंपनी मध्ये कान लावून बसली आहे. दुसरी शक्यता मला अधिक सन्मानाची वाटते.

जिनेश : कान कोण लावत न्हाई, सर. फोन चांगला हाय, रेंज हाय. आता मीच लावला, तर वाजतोय दुसरीकडंच.

शांतिनाथ : दुसरीकडं. हे तू फार शांतपणे सांगतोस.

जिनेश : कसं हाय, कॉल आला की नेटवर्क थेट तुमाला देत न्हाई. तुमच्या नावावर कुठल्या सेवा हायत ते बघतं, आन् कॉल ॲप्लिकेशन सर्व्हरकडं धाडतं. पुढं कुठं न्यायचा, ते त्यो सर्व्हर ठरवतो. तिथं ‘वळवा’ म्हणून लिवलेलं असलं, तर तुमच्या फोनला पत्ताबी लागत न्हाई.

शांतिनाथ : मालक घरात, आणि पाहुण्याला परस्पर वाट दाखवली जाते. ती आज्ञा लिहिली कुणी? या घरात माझा फोन हाताळणारी माणसं दोनच. प्रीती, तुला काही सांगायचं आहे?

प्रीती : कॉल माझ्याकडं येतात, मामंजी. पर्युषण पर्वाच्या पहिल्या दिवसापासून.

शांतिनाथ : आणि हे मला चौकशीत कळतं.

प्रीती : मौनाला बसताना तुम्हीच पाटीवर लिहून दिलंत, फोन तुझ्याकडं वळव. मी तुमच्यासमोर वळवला. आज मौन सुटलं, पण वळवलेलं काढ असं काही बोलला नाहीत. मला वाटलं, कुणाशी बोलायचं नसेल. नावं लिहून ठेवलीत सगळी.

शांतिनाथ : त्यात शिराळ्याच्या माझ्या बहिणीचं नसेल. चंदनबालेला क्षमा मागण्याचा सराव नाही. वडिलांची ताडपत्रं सख्ख्या भावाला न विचारता मठाला देणारी बाई ती. नऊ वर्षं, नऊ क्षमावाण्या मी फोनशेजारी बसून काढल्या.

प्रीती : आला होता आत्याबाईंचा. आठच्या सुमाराला. त्यांनी विचारलं, दादाचं मौन सुटलं का. मी म्हटलं, सकाळीच सुटलं, वरच्या खोलीत आहेत.

शांतिनाथ : पुढे?

प्रीती : म्हणाल्या, मग मौन माझ्यापुरतंच राहिलंय म्हणायचं. आणि ठेवला.

शांतिनाथ : ...जिनेश, मी इथून फोन केला, तर तोही त्या सर्व्हरला विचारून जातो?

जिनेश : व्हय सर. पर तुमच्या जाणाऱ्या फोनला तिथं कसलीच आडकाठी न्हाई.

शांतिनाथ : आज नाही, की कधीच नव्हती?

जिनेश : कवाच नव्हती, सर.

शांतिनाथ : प्रीती, तिचा नंबर वाच. माझ्याकडे तो नाही.