जावयाचं गुणगुणणं

—नाही हो, ते स्टूल नका घेऊ, एका पायाने अधू आहे ते. परवा जेवणाच्या गाडीवाली त्याच्यावरून धपकन खाली आली आणि मला असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की सिस्टरना ऑक्सिजन वाढवावा लागला. कॉटवरच बसा, पायथ्याशी. गिटार टेकवा भिंतीला. तुमचा विद्यार्थी, म्हणजे आमचा जावई, येईलच आता, छातीच्या डॉक्टरांनी बोलावून घेतलंय त्याला. कशाला म्हणजे? माझे छातीचे फोटो आलेत ना. फोटोत मी, आणि बघायचे जावयाने! मला म्हणाले, आजोबा, तुम्ही पडून राहा. पडूनच आहे की, मी काय नाचायला निघालो होतो? चांगला आला असेल तर एक कॉपी मागून घेणार आहे, सांगून ठेवलंय.

तुम्हाला केव्हाच ओळखलं मी. सिगारेट सोडवणाऱ्या बाई ना तुम्ही? तुमचा वर्ग भरतो ती चादरींची खोली या भिंतीच्या पलीकडे, सगळं ऐकू येतं इथे. पहिल्या दिवशी मला वाटलं पोळं उठलं मधमाश्यांचं! नर्सबाया, रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर, रक्त काढणारा तो गुबगुबीत पोऱ्या, सगळे एका दमात हूंऽऽऽ — आणि त्यात आमचे छातीचे डॉक्टर! आम्हाला काळ्या फुप्फुसाचं चित्र दाखवायचे, हे बघा, हे बघा, आणि चित्राची गुंडाळी झाली की स्वतः मागच्या जिन्यात सिगारेट ओढायला पळायचे. मी म्हटलं एकदा, साहेब, चित्रातलं फुप्फुस तुमचंच का हो? तीन दिवस बोलले नाहीत. पण तुम्ही शिकवता ते बरोबर आहे हं, मी पडल्या पडल्या पाठ केलंय — तल्लफ आली की हात खिशाकडे जायच्या आत आपली चाल धरायची, श्वास लांब लांब सोडत गुणगुणायची, तल्लफ निघून जाईस्तोवर सोडायची नाही. बरोबर? मग! शाळेत मी चौथीच्या पुढे गेलो नाही, पण भिंतीआडून शिकलो असतो तर कलेक्टर झालो असतो.

आता आमचा जावई का येत नाही वर्गाला, हेच विचारायला आलात ना? सांगतो. थांबा, जरा दम घेऊ द्या.

हां. त्याचं काम माहितीय ना तुम्हाला? वॉर्डबॉय, एवढंच सांगितलं असेल त्याने. लाजतो. अहो, माणूस गेला की त्याला ढकलगाडीवर घालून खाली थंड खोलीत न्यायचं, ते काम त्याचं. बाकीच्यांना चहानंतर लागते, जेवणानंतर लागते, याला त्याच्यानंतर लागायची. एक माणूस खाली, एक सिगारेट. तिथेच, दाराबाहेरच्या पायरीवर बसून. मी छेडलं एकदा, म्हटलं जावईबापू, तिथे काय जास्त चव लागते का? तर म्हणाला, मामा, गाडी सोडली की हात रिकामे होतात, त्यांना काहीतरी धरायला लागतं. आता यावर काय विनोद करायचा, सांगा! लेकीने माझ्या सगळं करून पाहिलं. रुसली, पाकिटं पाण्यात बुडवली, माहेरी निघून आली — माहेरी म्हणजे माझ्याकडेच, आणि मी तिला हसवून परत पाठवली. मग याच्याही छातीत शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, आता सोडली नाहीस तर सासऱ्याशेजारची कॉट धरून ठेवतो तुझ्यासाठी. ते चेष्टेत म्हणाले. मी नाही हसलो.

आणि मग तुम्ही आलात, आणि सुटली की हो त्याची! अगदी सुटली. लेक इथेच बसून म्हणाली, बाबा, आता खोकत नाही ते, मी रात्री मध्येच उठून बघते श्वास चालू आहे ना म्हणून. तुमच्या त्या हूंऽऽने केलं हे. बेसूर आहे तो, तुम्हालाही ठाऊक आहे, फुटक्या नळासारखा आहे, पण सुटली.

पण झालं काय — याला तल्लफ यायची कधी? बोलावणं आलं की. म्हणजे माणूस गेल्याचा निरोप मिळाला की हा तिकडून गाडी घेऊन निघणार, आणि निघाल्यापासून चाल धरणार. व्हरांड्याच्या त्या टोकापासून हूंऽऽऽ आणि चाकांची कुईकुई. आम्ही इथे पडलेले. चार वेळा ऐकलं की कुणालाही कळतं, बाई. गुणगुण आली म्हणजे कुणीतरी गेलं. सगळा वॉर्ड डोळे मिटून घ्यायचा, जसं काही डोळे मिटले की गाडी पुढे जाईल. मी मात्र पांघरुणातून पाय बाहेर काढून ओरडायचो, अहो, इकडे नाही, पुढची गल्ली! हसायचे हो सगळे. नव्या पेशंटला सांगायचो, तो आमचा जावई, पिकलंय कोण ते बघत फिरतो. चाललं तसं थोडे दिवस. मग त्याला कशाही वेळेला तल्लफ यायला लागली — येणारच, माणूस आहे — तर नुसती बादली घेऊन आला तरी गुणगुणतच यायचा. शेजारचा शिंपी, भला माणूस, आयुष्यभर लोकांना मापाचे कपडे शिवले, त्याने अन्नच टाकलं. चादर अशी मुठीत धरून बसायचा. ती गुणगुण आपल्याचसाठी, म्हणायचा. तुम्ही हसवा हो आजोबा, तुम्हाला काय. शेवटी सगळ्यांनी मिळून मोठ्या सिस्टरना सांगितलं, आणि सिस्टरनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, कामावर असताना कुठेच गुणगुणायचं नाही. बंद.

आता बोला! सिस्टरचं चुकलं का? नाही. शिंप्याचं? नाही. जावयाचं? त्याचं तर नाहीच. तुमचं? भांडायला म्हणून एक माणूस सापडत नाही बघा. मी भांडण उकरून काढणारा माणूस, माझ्यावर ही पाळी!

हल्ली नुसते ओठ हलवतो. आवाज आत गिळतो. तुमच्या वर्गात तोंड दाखवायला त्याला कसंतरी होतं, बाईंनी शिकवलं आणि मी लोकांना घाबरवलं, म्हणतो. अजून पेटवलेली नाही हं. दाताखाली धरून ठेवलंय सगळं.

आणि मी पडल्या पडल्या विचार करतो... म्हणजे विचार काय, वेळ जात नाही म्हणून आपलं. मला खाली कोण नेणार? हसू नका, सरळ विचारतोय. दुसरा गाडीवाला गुडघे धरून घरी बसलाय. आणि तो असता तरी हा नेऊ देईल होय! माझी उशी दुसऱ्या कुणाला हलवू देत नाही. लग्न झाल्यापासून मी त्याची टिंगल करतोय, उंची, चालणं, बोलणं, काही सोडलं नाही, आणि हा मुकाट्याने माझी नखं कापतो. म्हणजे तोच नेणार. आणि वर यायची वाट त्या पायरीवरूनच. गुणगुणायला बंदी. मग त्या दिवशी तो काय करेल, बाई?

म्हणून तर मी डॉक्टरांच्या मागे लागलो होतो, मला दुसऱ्या दवाखान्यात हलवा. सगळ्यांना वाटलं, म्हातारा जेवणावरून कटकट करतोय. डॉक्टर म्हणाले, या नळीसकट रस्त्यात टिकणार नाही तुम्ही. म्हटलं, मग रस्त्यातच उरकेल, ड्रायव्हर नेईल! लेकीला म्हटलं घरी ने, ती रडायला लागली. जावयाला म्हटलं, त्या दिवशी रजा टाका. म्हणाला, कोणत्या दिवशी, मामा? आता तारीख कुठून आणू?

तुमच्याकडे काही आहे का? त्या एका दिवसापुरतं? दुसरी एखादी चाल, आवाज न करता चालेल अशी... काय? माझा आवाज फोनमध्ये भरून ठेवायचा? छे छे! मेलेला सासरा कानात बडबडतोय आणि हा गाडी ढकलतोय — एक कशाला, अख्खं पाकीट संपवेल तो! बघा म्हणजे, नाहीच ना काही? नसणारच. तुम्ही कशाला मान खाली घालता, मी सहज विचारलं.

गप्प, आला बघा. यातलं एक अक्षर नको त्याच्याजवळ. —या, जावईबापू, या! बाई कधीच्या खोळंबल्यात. झाला का फोटो बघून? कसा दिसतोय मी? ...अहो, दारात का थांबलात? या की आत. ...बरं, तिथून सांगा, मी काही बहिरा नाही. काय म्हणाले डॉक्टर? ...काहीच नाही? एवढा वेळ केबिनमध्ये बसवून काहीच नाही? ...उशी घसरलीय माझी, जरा वर घ्या बघू. ...हात धुऊन येता? धुतलेत की. पाणी गळतंय अजून कोपरावरून. तोंडही धुतलंय. शर्टही बदललाय...

हं.

ये रे. ये इकडे. माझ्या नाकात ही नळी, मला कसला वास येणार? ...अरे, अजून आहे ना मी. बस इथे.

बाई, तुम्ही निघा आता. ती गिटार घ्या आणि निघा.