हद्दीपर्यंत फुकट

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका. म्हाताऱ्या माणसाला एसटी फुकट झाली, म्हणजे त्याला नेमकं काय मिळालं? तिकिटाचे पैसे वाचले? खांबाला टेकलेले अण्णा मान हलवतायत. अण्णा, थांबा. आधी ऐका!

कोल्हापूरकडं, अगदी कर्नाटकाला लागून एक गाव. तिथं शेवंताबाई राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. धाकटी बहीण चंपाबाई सत्तरीची, दिली होती हद्दीपलीकडच्या गावात. आता नियम बघा कसे! अलीकडं पंचाहत्तरी ओलांडली की तिकीट नाही. पलीकडं बाईमाणसाला तिकीट नाही, मग ती विशीतली असो नाहीतर सत्तरीतली. अलीकडं वय बघतात, पलीकडं आधारकार्डावरचा पत्ता बघतात, तिथलाच हवा. चंपाबाईंच्या मालकांचं वयही झालेलं, पत्ताही तिथलाच, तरी ते बिचारे तिकीट काढून मागं बसतात! हसू नका बायांनो, तुमचेही मालक इथंच बसलेत.

पण दोन्ही सवलती हद्दीच्या फाट्यावर संपायच्या. बहिणींनी ते बरोबर हेरलं. दर सोमवारी एक इकडून यायची, एक तिकडून. फाट्यावर काय? एक सिमेंटचं बाकडं. तिथं बसून एकीचा झुणका, दुसरीची भाकरी. दोन तास बोलायचं आणि आपापल्या गाडीनं घरी.

घरात कुणाला पत्ता नाही! शेवंताबाईंची सून विचारायची, तर त्या म्हणायच्या, "जरा हिंडून येते." मुलगा आप्पासो हसायचा, "आई, फुकट हाय म्हणून किती फिरशील?"

आप्पासो वाईट नव्हता हो. दारात मोटारसायकल. आईनं मावशीकडं न्यायचं काढलं की म्हणायचा, "बघू." आता हे "बघू" तुमच्याही घरात आहे, मी नव्यानं सांगायला नको.

एका सोमवारी चंपाबाई आल्या नाहीत. दुसऱ्या सोमवारीही नाहीत. तिसऱ्या सोमवारी गाडी फाट्यावर थांबली, बाकडं रिकामं, आणि शेवंताबाई जागेवरून उठेनात.

कंडक्टर म्हणाला, "आज्जी, तुमचं इथंपर्यंतच. फुडं तिकीट पडतंय."

पिशवीत भाकरी होती, पैसे नव्हते. कंडक्टरला दया आली. "बसा, मी काढतो तुमचं."

"नको मास्तर," शेवंताबाई म्हणाल्या. "आज तू काढशील. फुडल्या सोमवारी तुज्या तोंडाकडं बघत गाडीत चढायला लागंल."

आणि उतरल्या. साडेतीन किलोमीटर! अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे, डोक्यावर ऊन. बसत, उठत, पदरानं तोंड पुसत म्हातारी चालत गेली.

चंपाबाई खाटेवर होत्या. पाय मुरगळून सुजलेला. बहिणीला दारात बघून म्हणाल्या, "अक्का, चालत आलीस? येडी का काय!" आणि रडायलाच लागल्या. शेवंताबाई खाटेवर टेकल्या, तो सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू तेल चोळत बसल्या.

चंपाबाईंच्या मुलानं आप्पासोला फोन केला. ऊन कलायच्या आत आप्पासो मोटारसायकल घेऊन हजर. घाबरलेला, म्हणून चिडलेला. "आई, मला एक शब्द सांगायचास! मी आणून सोडली नसती काय?"

शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "सोडली असतीस लेकरा. पण तुला इचारायला लागतंय. गाडीला इचारायला लागत न्हाई."

मंडळी, आप्पासो तिथंच उंबऱ्यावर बसला. आईच्या टाचांना धूळ होती, एका अंगठ्याला फोड आला होता. तो फोड त्यानं बघितला. मग उठला, मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "ऱ्हा चार दिस. शुक्रवारी न्यायला येतो. आन् तिथनं फुडं दर सोमवारी मीच आणून सोडणार."

अण्णा, कळलं का आता काय मिळालं होतं? पैशाचं काही नाही हो. ज्या माउलीनं आपल्याला न विचारता पोटभर वाढलं, तिला बहिणीकडं जायला आपल्या तोंडाकडं बघावं लागू नये, एवढंच मिळालं होतं. तेही हद्दीपर्यंत!

तर घरी जाऊन "आई, कुठं जायचंय का?" असं विचारू नका. ती नाहीच म्हणणार. सकाळी गाडी पुसा, दारात उभी करा आणि म्हणा, "चल, मावशीकडं जाऊ." नेसलेलं लुगडं बदलायलासुद्धा ती वेळ लावणार नाही, बघा.

माझ्या आईची बहीण सात कोसांवर होती. मी गावोगाव कीर्तनं करत हिंडलो आणि आईला म्हणत राहिलो, बघू. ती गेली, मावशीही गेली. तुमची अजून घरात आहे. उद्या सकाळीच निघा.