डॉक्टरची आई

—छे छे, उठताय कुठे? बसा हो. अजून दोघं आहेत तुमच्या आधी. आणि त्या दाराकडे एवढं बघू नका, मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय, पळून जायचा विचार करणारा माणूस मला पाठीवरून ओळखू येतो! काय म्हणालात? ओरडेल? कोण, डॉक्टर? अहो, ती कसली ओरडतेय. घरी ओरडते — माझ्यावर — पण ते वेगळं. हो, हो, माझीच लेक. बाहेर पाटीवर नावापुढे ती लांबलचक अक्षरं आहेत ना, ती सगळी तिची, मला त्यातली पहिली दोनच कळतात. घरी ती चिमणी. लहानपणी एक घास गालात घेऊन तासभर बसायची, मी ताट घेऊन मागे मागे, आणि गंमत बघा, आता जगाला सांगते कमी खा — नाही नाही, तसं नाही सांगत ती, मी आपली गंमत केली. पर्स ठेवा ती बाजूला.

मी? मी आपली सहज आलेय. घरी बसून तरी काय करायचं? ते जाऊ द्या. आधी एक ऐका, म्हणजे तुमचा अर्धा जीव भांड्यात पडेल — इथे कोणी तुमचं वजन मोठ्यानं बोलणार नाही. काटा आतल्या खोलीत आहे, पडद्याआड. सिस्टर आकडा लिहून घेते, उच्चारत नाही. हा नियम चिमणीनं पहिल्या दिवसापासून केलाय. मी एकदा दुसरीकडे गुडघा दाखवायला गेले होते, तर तिथला कंपाउंडर माझा आकडा असा ओरडला, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू गेला — लिलावात बोली लावतात ना, तसा! मी म्हटलं, काय हो मंडळी, कोणी वाढवतंय का पुढे? सगळे हसले. मीही हसले. हसवण्यात मी पटाईत. शाळेत मुलं मला भोपळाबाई म्हणायची, मागून. मी एकदा वर्गातच विचारलं — अरे, मी पेपरात देते म्हणून म्हणता, की दिसते म्हणून? काय खूश झाली कार्टी! तेव्हापासून समोरच म्हणायला लागली. आपण आधी हसलं की दुसऱ्याच्या हसण्यातली हवा जाते, हे मी फार लवकर शिकले. तुम्हीही शिकला असाल. — हं. वाटलंच मला.

तर चिमणीचं सांगत होते. आधी साधी सर्जनच होती ती, साधी म्हणजे — अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशयातले खडे, अपघातातून आलेले लोक. हात फार चांगला, सगळे म्हणायचे. आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, आई, मी वजनाच्या ऑपरेशनांचं शिकायला जातेय. दोन वर्षं, लांब, एका मोठ्या सरांकडे. तिच्या वरिष्ठांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, एवढा हात आणि ही कसली श्रीमंतांची हौस? ही म्हणाली, "सर, ज्यांना झोपेत श्वास अडकतो, ज्यांची शुगर औषधांना दाद देत नाही, त्यांना आपण वर्षानुवर्षं एकच औषध देतो, तोंडावर ताबा ठेवा. दुसऱ्या कुठल्या आजाराला आपण असं सांगतो?" मला तिनं हे जेवताना सांगितलं. मी म्हटलं, अगदी चोख उत्तर दिलंस — आणि आमटीची दुसरी वाटी ओढली! तिनं वाटीकडे बघितलं आणि भात वाढून घेतला.

हे झालं सांगायचं कारण. पण खरं — आता बघा, तुम्ही बसलाय त्या खुर्चीला हात आहेत का? नाहीत ना? इथल्या एकाही खुर्चीला नाहीत. दवाखाना उघडला तेव्हा मी म्हटलं, सुतारानं फसवलं की गं तुला, हात लावायला विसरला! तर ही म्हणाली, "आई, तुला खरंच कळत नाही?" त्याचं असं झालं होतं — तिला डॉक्टरकीची पदवी मिळाली तो समारंभ. मोठा हॉल, हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मुलाचं नाव पुकारलं की आईवडिलांनी उभं राहायचं. हिचं नाव पुकारलं, मी अभिमानानं उठले — आणि खुर्ची माझ्याबरोबर उठली! अशी घट्ट, मागे. यांनी ओढून बघितली, शेजारच्यांनी ओढून बघितली, निघेना. हॉल हसायला लागला. मग मी काय केलं? खुर्चीसकट वळले आणि सगळ्यांना वाकून नमस्कार केला. टाळ्या! हिच्या पदवीला मिळाल्या नसतील एवढ्या! पुढे कित्येक वर्षं मी ती गोष्ट सांगायचे, बारशात, लग्नात, लोक पोट धरून हसायचे. चिमणी मात्र मी सुरू केलं की पाणी आणायला उठायची. दर वेळी. मला वाटायचं, हिला तहान फार लागते... तर त्या दिवशी, या नव्याकोऱ्या खुर्च्यांमध्ये उभी राहून म्हणाली, "आई, तू नमस्काराला वळायच्या आधी मी स्टेजवरून तुझ्याकडेच बघत होते. तुझा चेहरा मला दिसत होता. त्यांना नव्हता दिसत." — आता काय दिसला असेल तिला, कोण जाणे. मी तर हसत होते.

हं, तुमचं सांगा. किती जणांनी पाठवलंय तुम्हाला? नवऱ्यानं? — नाही ना? स्वतःहून आलात? मग झालं तर! कारण ती पहिला प्रश्न तोच विचारते. मागे एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या, लग्न ठरत नाही म्हणून, सगळी चौकशी करून, ऑपरेशनची तारीखसुद्धा काढून आल्या होत्या. चिमणीनं आईला बाहेर बसवलं, इथे, माझ्या शेजारी, आणि मुलीशी एकटीशी बोलली. मग बाहेर येऊन त्यांना म्हणाली, "तिला वाटेल त्या दिवशी ती एकटी येईल, मी तपासेन, योग्य असेल तर करेन. तुम्हाला वाटतंय म्हणून चाकू उचलणार नाही." बाई काय भडकल्या! मी आपली मधे मधे विषय बदलत होते. — आणि पुढचा प्रश्न, तुम्हाला काय करायचंय जे आत्ता जमत नाही? वजन किती कमी करायचंय असं नाही हं. एक ट्रक चालवणारा होता, भला दांडगा, मिश्या इथपर्यंत, तो म्हणाला, मला माझ्या बुटाची नाडी बांधायचीय, बायको बांधते, लाज वाटते. झालं ऑपरेशन. जठराची मोठी पिशवी कापून बारीक नळीएवढी ठेवतात, पोटावर नुसती छोटी भोकं, टाके दिसतही नाहीत. काही महिन्यांनी आला नि इथे, या फरशीवर वाकून दोन्ही नाड्या सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. सगळ्यांदेखत! पण ती खोटं नाही सांगत. म्हणते, हे सोपं नाही, आयुष्यभर गोळ्या, आयुष्यभर तपासण्या, आणि काहींचं वजन परतही येतं. ते लोक तोंड लपवतात, मग ही स्वतः फोन करते. "या, आपण बघू," एवढंच. जावई म्हणतात, नातेवाइकांना कर कधी एवढे फोन!

काय? — नाही, माझं नाही झालेलं ते. दिसतंय की! म्हणजे — अहो, आता तुम्ही विचारलंच तर — उद्या आहे. उद्या सकाळी. वरची खोली तयार होतेय, तोवर इथे बसलेय. सहजबिहज काही नाही. पंधरा दिवस नुसतं पातळ पितेय, स्वप्नात भाकरी येते! ती नाही करणार, ती जिथे शिकली ते मोठे सर करणार आहेत, मुद्दाम आलेत. म्हणाली, "आईवर चाकू चालवायचा नसतो, मी बाहेर बसेन." बरीच वर्षं मागे लागली होती, आणि मी दर वेळी एखादा विनोद करून सुटायचे. मी बारीक झाले तर भोपळाबाई कुठे जाईल गं? असलं काहीतरी.

मग ताई आजारी पडली. माझी मोठी बहीण. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी पहिल्या वळणापर्यंत चढायचे आणि तिथे अशी धाप लागायची की खालची माणसं पाणी घेऊन धावायची. दोनदा झालं, मग ताईनंच शपथ घातली, वर यायचं नाही म्हणून. मग आम्ही युक्ती काढली. समोरच्या फुटपाथवर एक किल्लीवाला बसायचा, त्याच्या बाकड्यावर मी बसायचे, ताईची सून तिला गॅलरीत आणून बसवायची, आणि आम्ही फोनवर बोलायचो. एकमेकींकडे बघत! ती म्हणायची, अगं, पदर नीट कर, वरून सगळं दिसतंय. तो किल्लीवाला हसून हसून दमायचा. मजा यायची हो. खरंच यायची... मग एक दिवस गॅलरीत कोणी आलंच नाही. फोनवर ताई. आवाज तिचा, गॅलरी रिकामी. असे किती दिवस गेले. मी रोज जायचे, रोज त्या गॅलरीकडे बघून बोलायचे. तिचा चेहरा मी जवळून बघितला तो — खाली आणली तिला, तेव्हा. चौघांनी. वळणावर त्यांना त्रास झाला म्हणे, मी कुठे बघायला होते...

नाही, नाही, रुमाल आहे माझ्याकडे. बघा, तुम्हाला धीर द्यायला बसले आणि — मग मी चिमणीला म्हटलं, कर बाई तुझं ते ऑपरेशन. तर मला, स्वतःच्या आईला, तोच प्रश्न! "कोणासाठी करतेयस?" मी म्हटलं, मला जिने चढायचेत. "कोणाकडे जायला?" म्हटलं, ते मग ठरवू. — तेव्हा ती रडली. मी नाही. मी म्हटलं, रडतेस काय, पेशंट मिळाला ना एक?

आणि भीती वाटतेच हो. तुम्हाला म्हणून सांगते, तिच्यासमोर नाही बोलले. काल कपाट आवरून ठेवलं, सगळ्या साड्या, कुठली कोणाला ते — अगं बाई! तू कधीपासून उभी आहेस इथे? काही नाही गं, या बाईंना तुझी निंदानालस्ती ऐकवत होते. झाली खोली? चल. लिफ्टपर्यंत मी चालते, मला धरू नकोस, माणसं बघतायत. बरं बाई, दे हात — अगं, केवढा गार पडलाय! दुसरा बघू? तोही. चिमणे... वर बघ. इकडे बघ माझ्याकडे. अगं, मी आहे ना.

बाई, तुम्ही बसा हं. आम्हाला जरा वेळ लागेल.