सान मिनियातोच्या चढावर

नीवेस : बाबा, बाजार त्या बाजूला. ट्रफल अळंब्यांचा वास इथवर येतोय, आणि तुम्ही भलत्याच गल्लीत कुठे शिरताय?

ओविदियो : बाजार मागनं. आधी फोस्कोकडे.

नीवेस : फोस्कोकाकांकडे? अकरा वर्षांत त्यांचा उंबरा चढला नाहीत. आजच बरा उमाळा आला?

ओविदियो : त्याचा फोन आला होता. पिल्लू आणलंय. म्हणाला, ट्रफल हुंगायला शिकवावं ते तूच. हातभर मातीखाली असली तरी तुझं कुत्रं चुकत नाही.

नीवेस : मग चांगलंच की! चेहरा का पाडलाय? दमलात? टेका जरा भिंतीला.

ओविदियो : त्याची ती कुत्री, बिर्बा, आठवते?

नीवेस : विसरेन कशी? माझ्या मांडीवर मेली ती. तोंडाला फेस, पाय झाडत होती बिचारी. त्या एफिसिओचं कधी भलं व्हायचं नाही. मेंढपाळ कसला, कसाई!

ओविदियो : ते विषाचं मांस एफिसिओनं नव्हतं टाकलं.

नीवेस : तुम्हाला काय ठाऊक?

ओविदियो : मी टाकलं होतं.

नीवेस : बाबा! काय बोलताय?

ओविदियो : ओढ्याकाठची ती ट्रफलची जागा माझ्या बापानं मरताना मला सांगितली होती. तुझ्या आईलासुद्धा मी कधी दाखवली नाही. आणि त्या कुत्रीनं ती तीन दिवसांत हुंगून काढली. डोकं फिरलं माझं. गोगलगायी मारायचं औषध मांसात कालवलं.

नीवेस : आणि एफिसिओ? गावानं त्याला हुसकून लावलं. त्याच्या बायकोला कुणी पाव विकेना. त्याची रीटा माझ्या बाकावर बसायची, मी तिच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही रोज बघत होतात!

ओविदियो : बघत होतो. पोरी, परत फिरू या का?

नीवेस : आता नाही. बेल वाजवा. नाहीतर मी वाजवते.

(दार उघडतं. फोस्कोच्या काखेत पिल्लू आहे.)

फोस्को : आलास रे बाबा एकदाचा! अगं नीवेस, केवढी झालीस! या, ऑम्लेटची अंडी फोडायचीच बाकी आहेत. ओविदियो, धर याला, नाक बघ कसं—

ओविदियो : माझ्या हातात देऊ नकोस. आधी ऐक. बिर्बाला विष मी घातलं. एफिसिओचा काही संबंध नव्हता.

फोस्को : चेष्टा करतोयस?

नीवेस : खरं आहे, काका. मलाही आत्ताच कळलं, तिथं खाली.

फोस्को : मी त्याच्या तोंडावर थुंकलो होतो. भर चौकात, त्याच्या लेकीसमोर. तू माझा दंड धरलास. 'जाऊ दे, फोस्को,' म्हणालास. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस!

ओविदियो : मार मला. काय हवं ते कर.

फोस्को : तुला मारून काय मिळणार? बिर्बा गेली ती गेली. तो माणूस माझी थुंकी घेऊन गेलाय. नीवेस, व्होल्तेर्रा गावाच्या खाली तो चीज विकतो, असं कुणीसं म्हणालं होतं. गाडीनं किती लागेल?

नीवेस : तासभर. पण तो दारात उभं तरी करेल का आपल्याला?

फोस्को : न करू दे. थांब, पिल्लू शेजारी ठेवून येतो.

ओविदियो : मी... मीपण येऊ?

फोस्को : तू तर हवासच. फक्त मागे बस. पुढे मी बसतो.