अगदी गुहागरसारखं

अमेरिकेत, एडिसनच्या इंडियन ग्रोसरीत, बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बोलत होती.

"दिगंबरकाका, तुम्ही इथे? कायमचे कॅरिबियनला गेलात ना?"

"डोळे दाखवायला आलो होतो, ऋता. उद्या परत बेटावर. तिथे गोडा मसाला मिळत नाही, तेवढा घेतोय."

"करमतं का हो एकट्याला?"

"सकाळी बीचवर चालतो, पेलिकन बघत बसतो. दारात नारळ, चिंच, नीरफणस. अगदी आमच्या गुहागरसारखं."

"मग गुहागरलाच का नाही गेलात? घर आहे ना तुमचं?"

"घर आहे गं. आई नाही, दादा नाही. आता शेजारचे बापूही गेले."

"आणि बेटावर कोण आहे?"

"तिथे कुणी नव्हतंच कधी. त्यामुळे कुणी गेल्यासारखं वाटत नाही."