गाण्याआधीची नावं

चांगलं करायला गेलो आणि शिव्या खाल्ल्या, त्याची ही गोष्ट. जुन्या गाण्यांचा तो रेडिओसारखा डबा मिळतो ना, तो मी श्रीगोंद्याला वडिलांसाठी नेला. एकाहत्तर-बाहत्तरची सगळी गाजलेली गाणी त्यात. आप्पांनी चार गाणी ऐकली आणि म्हणाले, "परत करून ये. बिघडल्यालं हाय."

"अहो, छान वाजतंय की!"

"गानी वाजत्यात. नावं कुठं हायेत?"

मी गायकाचं नाव सांगितलं, सिनेमाचं सांगितलं. ते आणखीच भडकले.

"गानं कुनी मागितलं, त्यांची नावं! लग्नाच्या साली मी फर्माइशीचं कार्ड टाकलं हुतं. आमची नावं रेडिओवर आली, समद्या गावानं ऐकली, अन् मी नेमका उसाला पानी देत हुतो!"

मी डबा उलटा करून बघितला. आता नावं कुठून आणू?

आई भाकरी थापायची थांबली. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नव्हतं. घसा साफ करून ती थेट रेडिओवालीच्या थाटात म्हणाली, "श्रीगोंद्याहून दत्तात्रय, सुलोचना आणि घरची सर्व मंडळी."

आप्पा खाली बघत म्हणाले, "हां. आता लाव गानं."