नळीच्या तोंडाला कुंकू

माझं मूळ गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला, पण तितं नुसतं सातबाऱ्यावर नाव हाय बगा, बाकी जलम सगळा ह्या मंगळवार पेठंत गेला. आमचं वडील डिझेल इंजनाच्या कारखान्यात टर्नर व्हते, त्यांच्या मागनं मीबी लेथवर हुबा ऱ्हायलो, शाळंनं मला सोडलं का म्या शाळंला ते आता आठवत न्हाय. बसा की पावणं नीट, असं कडंला काय बसताय, च्या येतोय. तर काय सांगत व्हतो, हां, लेथ. घरातल्या म्होरच्या खोलीत माझा लेथ आन त्याच खोलीत खिडकीच्या अंगाला आमच्या मंडळींचं शिलाई मशीन. हौसा तिचं नाव. मी लेथ चालू केला की तिचं मशीन हालायचं, टाचण्या खाली सांडायच्या, मंग ती वरडायची, मी वरडायचो, आन आमची एकुलती एक पोरगी मनीषा, मनी म्हणायचो आमी तिला, ती मधी बसून दोन्ही कानांत बोटं घालून अभ्यास करायची. असं आमचं घर. गल्लीत कुणाला ऐकू गेलं न्हाय असं काय आमच्या घरात कवा बोललंच गेलं न्हाय, एक गोष्ट सोडून, आन तीच तुमाला सांगणार हाय.

मनी कॉलेजात गेली, एनसीसीत गेली, तितं तिच्या हातात पयल्यांदा बंदूक आली आन मास्तर म्हणाले, ह्या पोरीचा हात दगडागत हाय, हालतच न्हाय. मला काय त्यातलं कळत नव्हतं. मी म्हणालो पोरीला बंदूक कशाला, हौसा म्हणाली का, पोरीला हात न्हाईत व्हय. झालं, विषय संपला. मंग मनी नेमबाजीच्या क्लबात जायला लागली. तितं एक सिलिंडरवाली रायफल कोपऱ्यात पडल्याली, बाहेरच्या देशातली, कुणा मोठ्या घरच्या पोरानं हौसंनं घेतल्याली आन सोडून दिल्याली. छर्रे कुटंबी मारायची म्हणून तिला कोण हात लावत नव्हतं. मनी म्हणाली आबा, तुमी बगता का जरा. क्लबाचे सर म्हणाले न्या, दुरुस्त झाली तर वापरा.

काय सांगू तुम्हाला, त्या रायफलीनं मला याड लावलं. साधी छर्ऱ्याची बंदूक असती न्हवं, जत्रंत फुगे फोडायची, तिच्यात स्प्रिंग असती, मारली की झटका बसतो. हिच्यात तसं न्हाय. हिच्यात हवा आधीच सिलिंडरात दाबून भरल्याली असती, चाप वडला की त्यातली जराशी सुटती, आन छर्रा गुपचूप निघून जातो, झटका न्हाय का काय न्हाय. पण ती हवा दर वेळी अगदी तेवढीच सुटाय पायजे. म्या खोलून बगितली तर आतल्या रबरी रिंगा खाल्ल्याल्या, हवा कवा जादा सुटायची कवा कमी. रिंगा बदलल्या. मंग दस्ता, म्हंजी मागचं लाकूड, तो एका धटिंगण गड्याच्या मापाचा, मनीचा गाल त्याच्यावर टेकायचाच न्हाय. म्या दस्ता कापला, गालाखाली सागवानाची पट्टी बशिवली, कानशी मारायची, मनीला गाल ठेवायला सांगायचं, परत कानशी मारायची. खांद्याला लागणारी पट्टीबी वर-खाली सरकल अशी केली. चाप असा हलका केला की नुसतं मनात आणलं तरी सुटल. आन सगळ्यात म्हत्त्वाचं, नळीच्या म्होरं म्या माझ्या हातानं अॅल्युमिनियमची एक जादा नळी वळून बशिवली. त्याचं कारण असं, की नेम धरायची म्होरची खूण, माशी म्हणत्यात तिला, ती डोळ्यापासनं जेवढी लांब जाईल तेवढा नेम बारीक धरता येतो. खरी नळी आत संपायची, तिच्या म्होरं ही माझी पोकळ नळी, आन तिच्या टोकाला माशी. बाहेरनं बगणाऱ्याला वाटायचं एकच लांब नळी हाय.

आन हौसाचं काय, ती गप बसणार व्हय. जाड कॅनव्हास आणून तिनं पोरीचं नेमबाजीचं जाकीट शिवलं, सुया मोडल्या किती त्याच्यात, पर शिवलं. छर्रे निवडायचं कामबी तिचंच. डब्यातले छर्रे ती सुपात घ्यायची, तांदळातलं खडं निवडल्यागत एकेक बगायची, चेपल्याला बाजूला, कड दुमडल्याला बाजूला. मी म्हणायचो अगं चष्मा लाव, ती म्हणायची तुमी लावा. मंग मी रायफल वायसमधी, लोखंडी पकडीत, आवळून निवडल्याल्या छर्ऱ्यांनी पुठ्ठ्यावर मारायचो. आधी भोकं अशी पसरल्याली असायची, मंग जवळ जवळ यायला लागली, आन एक दिवस सगळे छर्रे एकाच भोकातनं गेले. म्या तो पुठ्ठा हौसाला दावला, तर म्हणती, एकच तर लागलाय की वो, बाकीचे कुटं गेले. आमी तिघंबी तवा डोळ्यात पाणी येईस्तोवर हसलो. ते हसणं आजबी माझ्या कानात हाय.

ह्या रायफलीची एक खोड लक्षात ठेवा पावणं, फुडं लागणार हाय. हिच्या नळीत तेलाचा थेंब चालत न्हाय, गेला की छर्रा भरकटतो. आमच्या घरातली सगळी मशीनं तेलावर चालायची, लेथ तेलावर, शिलाई मशीन तेलावर, आन ही उलटी. ते मला म्हाईत, मनीला म्हाईत. हौसाला सांगायचं कारणच नव्हतं, ती रायफलीला हात लावायची न्हाय, दुरुस्त झाल्यापासनं रायफल क्लबातच असायची.

मनी पुढं पुढं जात ऱ्हायली. जिल्ह्यात पयली, मंग बाहेर. मंग निवड चाचणी आली पुण्याला. त्यात निवड झाली की मोठ्या शिबिरात घेणार, शिबिरातल्या पोरींना खेळाडू म्हणून नोकरी लागायची. मनीला पोलिसात जायचं व्हतं. रात्रंदिवस तेच तिच्या डोक्यात. आन चाचणी नेमकी दसऱ्याच्या फुडच्या दिवशी. म्हणून मनीनं रायफल घरी आणून ठेवल्याली, हितनंच निघायचं म्हणून.

आता खंडेनवमी आमच्यात कशी असती ते तुमाला सांगाय नको. लेथ घासून पुसून चकाचक, त्याच्या चकाला झेंडूचा हार, पाना-हातोडी मांडल्याली, हौसाची कात्री, मशीन, सगळ्याला हळदकुंकू. आन एकदा पूजा झाली की दसरा होईस्तोवर हत्यार चालवायचं न्हाय, हे आमच्या वडलांपासनं हाय. त्या दिवशी मी कारखान्यातल्या पूजेला गेलतो, मनी मैत्रिणीकडं. घरी आलो तर हौसानं रायफल भिंतीला हुबी करून तिलाबी हार घातल्याला, आन वर टोकाला कुंकू लावल्यालं. म्या म्हटलं अगं तितं का, तर म्हणाली, वरचं ते डोकं, कुंकू डोक्यालाच लावत्यात. मला हसू आलं. दसऱ्याला सोनं वाटलं, रातच्याला म्या ते कुंकू बाहेरनं फडक्यानं पुसून रायफल पेटीत घातली. हौसा एसटी स्टँडवर आल्याली. दही-साखर देऊन म्हणाली, सगळ्यांचं तेलपाणी केलंय मी नवमीला, कुणालाबी इसरलो न्हाय, कायबी काळजी करू नका. मला वाटलं लेथबद्दल बोलत्या.

पुण्यात काय झालं ते आता ऐका. पोरीनं छर्रा मारला तो एकीकडं, दुसरा भलतीकडं. तिनं साइट फिरवली, जरा बरं झालं, परत पसरलं. मी मागं खुर्चीवर, बोलायची परवानगी न्हाय, नुसतं बगायचं. मनीनं रायफल खाली ठिवली, बाहीनं डोळं पुसलं, परत उचलली. शेवटपर्यंत मारली तिनं, अर्ध्यात सोडली न्हाय. निवड झाली न्हाय. येताना एसटीत सगळा रस्ता एकच म्हणत व्हती, आबा, माझाच हात हालला, मी चुकलो.

मला ते पटंना. त्या हाताला मी वळखत व्हतो. घरी आल्या आल्या मी रायफल वायसमधी आवळली आन मारली. वायसला काय मन असतंय व्हय घाबरायला, तरी छर्रे पसरले. मी वरडलोच, मने, तुझा हात न्हाय, रायफलच हाय. मंग एकेक खोलत गेलो, रिंगा बगितल्या, त्या ठणठणीत. शेवटी माझी ती म्होरची नळी खोलली. आत, खऱ्या नळीच्या तोंडावर, तेलात भिजल्यालं कुंकू. चिखलागत बसल्यालं, लाल. छर्रा बाहेर पडताना त्याच्यावर घासत व्हता, परत्येक येळी निराळा. वास घेतला, शिलाई मशीनच्या तेलाचा. तवा मला स्टँडवरचं बोलणं आठवलं, कुणालाबी इसरलो न्हाय.

मला आसा राग आला पावणं, खोटं कशाला बोलू, मी तसाच उठलो. हौसा आत भाकरी थापत व्हती. मनीनं माझं मनगट धरलं. हळू बोलली, आमच्या घरात पयल्यांदाच कोण हळू बोललं असंल.

आबा, आईला सांगायचं न्हाय. तिनं पूजा केल्या ती.

मी म्हणालो निदान सरांना तरी सांगतो, लोकं म्हणतील ऐन टायमाला पोरीचा हात गळाला. तर म्हणती, सरांना सांगितलं की सांच्यापारी गल्लीत येणार आन गल्लीत आलं की आईच्या कानावर, म्हणू द्या हात गळाला. तेवढ्यात हौसा पदराला पीठ पुसत बाहेर आली, पोरीजवळ बसली, तिच्या पाठीवरनं हात फिरवला आन इचारलं, मने, खरं सांग, माझ्या पूजेत काय ऱ्हायलं का गं?

न्हाय आई, मनी म्हणाली, तुझं काय ऱ्हायलं न्हाय. माझाच हात हालला.

तिच्या मुठीत नळीचं तोंड पुसून लाल झाल्यालं फडकं व्हतं. मी लेथकडं तोंड करून हुबा ऱ्हायलो.

आन मंग सगळ्यांनी तेच धरलं. हात हालला. क्लबात तेच, पावण्यारावळ्यांत तेच, हौसा सोता देवळात जाऊन पोरीच्या हाताला बळ दे म्हणून आली. जो तो इचारायचा आन मनी परत्येकाला सांगायची, व्हय, माझाच हात हालला. रायफल म्या धुवून काढली, परत एकाच भोकात मारायला लागली. फुडच्या खंडेनवमीला हौसा म्हणाली औंदा लई मनापासनं करणार, रायफल हुबी केली. मनी जवळ जाऊन हुबी ऱ्हायली आन तिनं नळीच्या तोंडावर आपला अंगठा ठेवला. हौसानं त्या अंगठ्यालाच कुंकू लावलं, तेल घातलं, ते मनीच्या मनगटावरनं खाली कोपरापर्यंत गेलं. हौसा म्हणाली काढ की हात, मनी म्हणाली असू दे आई, हात हालतोय न्हवं माझा, त्यालाच लाव.

पण काय झालं म्हाईत हाय का, फुडच्या चाचणीला तिचा हात खरंच हालला. मी मागं बसून बगितलं. रायफल चोख व्हती, म्या दहादा बगितल्याली. बोलून बोलून ते खरं झालं वो. तिनं रायफल पेटीत घातली ती घातलीच, क्लबानंबी परत मागितली न्हाय. मंग चंदगडचं स्थळ आलं, काजूचा धंदा, माणसं चांगली. सुखात हाय पोरगी, न्हाय म्हणणार न्हाय मी. पण पोलिसाच्या कपड्यातली पोरगी रस्त्यानं जाताना दिसली की मी दुसरीकडं बगतो.

हौसाला मी कवा ह्या गोष्टीवरनं बोललो न्हाय. नुसता आतल्या आत जळायचो, मंग मीठ जादा झालं म्हणून वरडायचो, तिला वाटायचं म्हातारपणानं किरकिऱ्या झालाय. गेल्या पावसात ती गेली. दवाखान्यात शेवटाला माझा हात धरून म्हणाली, नवमीला पोरीच्या रायफलीची पूजा चुकवू नका, तेवढं एक करा. मी व्हय म्हणालो.

आत्ता ह्या नवमीला मनी एसटीनं आली, दोन दिवसांसाठी. माळ्यावरनं पेटी खाली काढली, रायफल पुसली, आई करायची तशी भिंतीला हुबी केली. हार घातला. मशीनची तेलाची कुप्पी अजून त्या ड्रॉवरमधी हाय, ती मनीनं घेतली. आन माझा हात आपसूक फुडं गेला, नळीच्या तोंडावर. सवय वो, मनी सासरी गेल्यापासनं दर नवमीला मीच तितं हात ठेवायचो. इतकी वर्सं त्या तोंडात धुळीचा कण जाऊ दिला न्हाय म्या.

मनी म्हणाली, काढा हात, आबा. आईचं तेल जाऊ द्या आत.

काढला मी हात. तिनं बोटानं कुंकू लावलं आन वरनं तेलाचा थेंब सोडला, तो गेला आत, खालपर्यंत. आमी दोघंबी लई रडलो. रायफल तितं कोपऱ्यात हुबी हाय बगा, हार वाळलाय, काढला न्हाय. आता तिचा नेम लागायचा न्हाय, आन लागाय नको. देव तुमचं भलं करो पावणं, घरात कोण कुंकू लावणारं असंल तर लावू द्या. च्या घ्या, निवला.